ओठावरचा ज्वर आणि मनातला संशय

रत्नागिरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पती कुवेतहून सुट्टीवर येऊन गेले आणि पंधरवड्यात तिला नाजूक जागी पाण्याच्या पुटकुळ्या उठल्या. रक्ताच्या अहवालात ‘हर्पिस’ निघाला. आता दोन्ही घरांत एकच प्रश्न आहे : कोणी आणला?

या भगिनीला आणि तिच्या घरच्यांना आम्ही सांगू इच्छितो की, रक्ताचा अहवाल याचे उत्तर देऊ शकत नाही. विषाणू शरीरात कधीतरी शिरला एवढेच त्यातून कळते. केव्हा आणि कोणाकडून, ते नाही. हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे गुपचूप राहतो आणि लग्नाआधीचा संसर्गही पुढे कधीतरी डोके वर काढतो. तापात ओठावर ‘ज्वर फुटतो’, तोही याच विषाणूचा प्रकार. तोच ओठावरून गुप्तांगावरही जाऊ शकतो. जगात 50 वर्षांखालील निम्म्याहून अधिक लोकांत तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

ओळखायचा कसा? आधी चुरचुरते, मग पुटकुळ्यांचा घोस उठतो, फुटतो, खपली धरतो. पुन्हा उठला तर बहुधा त्याच जागी. नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूची आणि अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. खात्री हवी तर ताज्या पुटकुळीतील स्रावाची पीसीआर तपासणी करावी.

उपचार लवकर, शक्यतो 3 दिवसांच्या आत सुरू करावा. पहिल्या वेळी डॉक्टर सहसा ॲसायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून 3 वेळा, 7 ते 10 दिवस देतात. विषाणू समूळ जात नाही, पण त्रास आवरतो. लाज वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये जावे; तेथे नाव गुप्त राहते.

तीन गोष्टींत हयगय नको. डोळा लाल होऊन दुखला तर मनाने स्टिरॉइडचे थेंब घालू नयेत. गरोदर असाल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. आणि ओठावर फोड असताना अकीक्याला गेलात तर बाळाचा मुका घेऊ नका; नवजाताच्या जिवावर बेतू शकते.

पुटकुळ्या आठ-दहा दिवसांत सुकतात. पुराव्याविना घेतलेला आळ मात्र जन्मभर सुकत नाही. म्हणून पतीला फोन करा, पण सवाल विचारायला नव्हे. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जायचे ठरवायला.