रस्त्यांआधी पाण्याची वाट

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हा मराठी टापू मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून त्याची वार्ता आमच्या किनाऱ्यापर्यंत क्वचितच पोचते. पोचलीच तर ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या निमित्ताने. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून एका तीरावरील पांढुर्ण्याने व दुसऱ्या तीरावरील सावरगावाने एकमेकांवर दगड फेकावयाचे, ही तेथील जुनी प्रथा. वर्षातून त्या एका दिवशी साऱ्या देशाची दृष्टी जाम नदीकडे वळते. उरलेल्या दिवसांत त्या नदीचे आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांचे काय होणार, हा आज आमच्या चिंतेचा विषय आहे.

ही चिंता आताच वाटावी याला कारण आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि पांढुर्णा हे त्याचे मुख्यालय ठरले. २०११ च्या जनगणनेत जेमतेम ४५ हजार लोकवस्ती असलेले हे गाव. जिल्ह्याचे ठाणे झाले की कचेऱ्या येतात, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने येतात, रुंद रस्ते येतात आणि त्यांच्या पाठोपाठ गावाभोवतीच्या शेतांत लेआउट पाडणारेही येतात. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील सौंसरची आणि त्याच तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्राची वाढही याच रीतीने व्हावयाची. या वाढीला आमचा विरोध नाही. दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या प्रदेशाच्या पदरात काही पडत असेल तर त्याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु रस्त्यांची आखणी होण्यापूर्वी पाण्याच्या वाटेची आखणी झाली नाही, तर या भरभराटीची किंमत पुढील पिढीला मोजावी लागेल.

हिशेब अवघड नाही. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. एक हेक्टर शेतावर ५० मिलिमीटरची एक सर कोसळली की पाच लाख लिटर पाणी पडते. शेत असते तेव्हा त्यातील काही भाग जमीन पिते, काही बांधाआड थांबते आणि उरलेले सावकाश नाल्याला लागते. त्याच हेक्टरवर सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉकचे अंगण आणि स्लॅबची घरे झाली म्हणजे जवळजवळ सारे पाणी एकदम नाल्याकडे धावते. पाऊस तेवढाच, नाला तोच. परंतु काल तासाभरात वाहून जाणारे पाणी आज काही मिनिटांत येऊन थडकते. अशा वेळी नालाही भिंती घालून अरुंद केलेला असेल, तर पाणी घरांत शिरले याचे नवल ते काय?

हे पाहावयास पांढुर्णेकरांना दूर जावयास नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले आणि माणसे दगावली. तलावाच्या सांडव्यापुढील अडथळ्यांचा वाद पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. हा सारा प्रकार पांढुर्ण्याचा जिल्हा होण्यापूर्वी अवघे बारा दिवस आधी, आणि त्याच्या सर्वांत जवळच्या महानगरात घडला. नियतीने याहून स्पष्ट इशारा तो कोणता द्यावयाचा?

आम्हा किनाऱ्यावरील लोकांचा अनुभव याहून कटू आहे. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या अंदाजाने, आणि तीही ओहोटी गृहीत धरून केलेली. ती दुप्पट करावी, अशी शिफारस १९९३ सालीच झाली होती. ती कागदावर रेंगाळली आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. भराव आणि अतिक्रमणे यांनी आक्रसलेल्या मिठी नदीने त्या दिवशी आपली हरवलेली जागा परत मागितली. आमच्या पणजीतही सांतिनेजची खाडी गटारासारखी वागवली गेली आणि आता थोड्याशा पावसाने राजधानीचे रस्ते तुंबले की आम्हीच आश्चर्य करतो! समुद्रकाठच्या शहरांना निदान भरतीची सबब सांगता येते. सातपुड्याच्या कुशीतील गावांना तीही नाही. तेथे पाणी उतारावरून वेगाने येते आणि त्याला जागा मिळाली तर तितक्याच वेगाने निघून जाते.

मग करावे काय? आज जगभर नगररचनाकार हिरव्या रचनांविषयी बोलत आहेत. पाणी नळांत कोंडून दूर लोटण्याऐवजी झाडे, माती, सखल मैदाने आणि तळी यांच्या आधारे ते जागच्या जागी थोपवावे व मुरवावे, असा त्यांचा विचार. २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर कोपनहेगनने उद्यानेच अशी घडविली की ती अतिवृष्टीत तळी होतात. चीनने २०१३ पासून शहरे स्पंजासारखी करण्याचे धोरण स्वीकारले. या कल्पनेतही भाबडेपणा नको. त्याच चीनमधील चेंगचौ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि स्पंज निकामी ठरला. तात्पर्य असे की नित्याचा पाऊस माती पिईल. असाधारण पावसासाठी मात्र नाल्याचे मोकळे पात्र हवेच.

पांढुर्णा-सौंसरच्या भूमीचा स्वभावही ध्यानात घेतला पाहिजे. काळी माती कोरडी असताना भेगाळते, पण भिजली की फुगते आणि पाणी आत जाऊ देत नाही. वर चार फूट खणून शोषखड्डा केल्याचे समाधान मानले तर तो पहिल्याच पावसात डबके होईल. तो खालच्या मुरुमापर्यंत नेला पाहिजे, आणि त्यात गटाराचे पाणी जाता कामा नये. नाही तर विहिरीच नासतील. या प्रदेशाची संत्री विहिरी व कूपनलिकांवर जगतात, हे विसरून कसे चालेल? जे पाणी जुलैत घरात शिरते तेच मुरवले तर मे महिन्यात बागेला उपयोगी पडते.

यासाठी नवा कायदा नको. मध्य प्रदेशात नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ पासून आहे. १४० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील नव्या घरांना छतावरील पाणी मुरविण्याची सक्तीही आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. आमच्या मते जिल्हा प्रशासनाने व दोन्ही नगरपालिकांनी आधी पाण्याचा नकाशा करावा. जाम नदी, प्रत्येक नाला, प्रत्येक तळे आणि जाणत्यांच्या आठवणीतील पुराची रेषा त्यात आखावी आणि मगच रस्ते व लेआउट यांना मंजुरी द्यावी. लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. ती अडचणीच्या कोपऱ्यात ढकलण्याऐवजी नाल्यालगत ठेवली, तर मालकाचा एकही जादा भूखंड जात नाही आणि पाण्याला तीर मिळतो. नवी जिल्हा कचेरीच या शिस्तीचा पहिला नमुना व्हावी.

राहता राहिला देखभालीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत कठीण आहे. गोव्यातील खाजन शेतीचे बांध व मानशी गावकरीने शतकानुशतके सांभाळल्या. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याने उभे राहिले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, ते योग्यच झाले. पण तलावांचा सांभाळ करणारा हातही तिच्याबरोबर गेला आणि कित्येक तलाव गाळाने भरले. सत्ता बदलते तेव्हा कर्तव्याचा वारस नेमावा लागतो, हा त्यातील धडा. म्हणून प्रत्येक नाल्यासाठी एक जबाबदार अधिकारी, पावसाळ्यापूर्वी त्याची सफाई आणि तिचा जाहीर हिशेब, एवढे तरी नागरिकांनी मागून घ्यावे.

मोठ्या शहरांना आज गाडलेले ओढे उकरण्यासाठी कोट्यवधी रुपये ओतावे लागतात, तरी ते पुरते मोकळे होत नाहीत. पांढुर्ण्याला आणि सौंसरला आपले नाले राखण्यासाठी केवळ एक निर्णय पुरेसा आहे. परंतु तो आज घ्यावयास हवा. एकदा भराव पडला, त्यावर घर उभे राहिले आणि त्या घरात लेकरे खेळू लागली, म्हणजे कोणतेही सरकार ते हलवू शकत नाही. पाणी मात्र तेवढी दयामाया दाखवीत नाही.