प्रयोगशाळा दुरावली कशी?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते परीक्षा घेण्यासाठी, शिकविण्यासाठी नव्हे. लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवून महाविद्यालयांनी शिकवावे व विद्यापीठाने पदव्या द्याव्यात, अशी वाटणी ठरली. आम्हां कलाशाखेच्या लोकांचे ग्रंथांवर भागले. परंतु रसायनशास्त्र हे हातांनी शिकावयाचे शास्त्र! जर्मनीतील गीसेन येथे १८२४ साली गेलेल्या लीबिगने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत उभे करूनच ते शिकविले होते.

मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघावयास १९३३ साल उजाडले. शहर कापड गिरण्यांचे. म्हणून वस्त्ररसायन हा विषय आरंभापासूनच होता. मँचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन केलेले डॉ. के. व्यंकटरामन १९३८ साली या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ साली, विभाग माटुंग्यास आला. कृत्रिम रंगांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला, आणि बेकर-व्यंकटरामन पुनर्रचना तर जगभरच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. गिरणीच्या शेजारी बसूनही मूलभूत संशोधन होते, याला याहून वेगळा पुरावा कशाला हवा? पुढे १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. डॉ. मनमोहन शर्मा यांनी येथेच शिकविले, आणि गोव्यातील माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर येथूनच घडले.

असा हा विभाग २००८ साली स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. त्याच्या उत्कर्षाचा आम्हांस आनंदच आहे. पण ज्या विद्यापीठाने त्याला पाऊणशे वर्षे वाढविले, त्याच्याच चौकटीत हे स्वातंत्र्य त्याला का मिळू नये, हा प्रश्न त्या वेळी पुरेसा विचारला गेला नाही.

तो आजही विचारला पाहिजे, कारण कलिना येथील रसायनशास्त्र विभाग आणि असंख्य संलग्न महाविद्यालये विद्यापीठाकडेच आहेत. तेथील प्रात्यक्षिकांचे काय? वरच्या वर्गाच्या जर्नलमधून निरीक्षणे उतरवून घ्यावयाची, त्यावर सही मिळवावयाची आणि क्षार ओळखण्याच्या परीक्षेस आदल्या रात्रीच्या पाठांतरावर सामोरे जावयाचे, हा परिपाठ कोणत्याही पालकास अपरिचित नाही. जेथे प्रयोगशाळेत पुरेसे शिक्षक नाहीत, तेथे प्रवेशसंख्या वाढविण्यास विद्यापीठाने साफ नकार द्यावा. आणि कलिन्याच्या विभागास आपला अभ्यासक्रम व आपली उपकरणखरेदी यांचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा येत्या शैक्षणिक वर्षापासूनच द्यावी.