गेलेल्या सॉफ्टवेअरची हजेरी

संगणक सुरू करावा, पासवर्ड घालावा आणि कामाला हात लावण्याआधीच पडद्याच्या मधोमध एक लहानशी चौकट उघडावी, हे आता कित्येकांच्या अंगवळणी पडले आहे. चौकटीच्या माथ्यावर ‘रनडीएलएल’ असे लिहिलेले असते. खाली कुठल्यातरी फाइलचा लांबलचक पत्ता आणि ‘द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’ हे वाक्य. ‘ओके’ दाबले की चौकट जाते, दिवसभर काही अडत नाही आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा समोर. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे अनेकांनी संगणक पुसून कोरा न करता जुन्या विंडोजवरच ११ चढवले. असे केले की प्रोग्राम आणि फायली शाबूत राहतात, तशा आधीच्या प्रोग्रामांनी मागे ठेवलेल्या सूचनाही शाबूत राहतात. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा लॉजिटेकच्या ‘लॉगीएलडीए.डीएलएल’ या फाइलच्या नावाने अशाच चौकटी ठिकठिकाणी उघडत होत्या. माउस आणि कीबोर्ड उत्तम चालत होते. त्यांच्यासाठी नवे सॉफ्टवेअर शोधून आणणारा एक मदतनीस तेवढा सापडत नव्हता.

शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलेल्या मुलाचे नाव हजेरीपटावर राहिले तर बाई ते रोज पुकारणार आणि उत्तर येणार नाही. इथे झालेले असते तेवढेच. लॉग-इन होताना विंडोज काही याद्या वाचते आणि त्यांत लिहिलेला एकेक प्रोग्राम सुरू करायला जाते. विंडोज ३.१ च्या काळात हे काम ‘विन.आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमधल्या ‘रन’ आणि ‘लोड’ या दोन ओळींवर भागत असे. विंडोज ९५ पासून त्याचा मुख्य मुक्काम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदींच्या कोठारात हलला. तिथे ‘रन’ नावाची एक नोंदवही पूर्ण संगणकासाठी असते आणि दुसरी प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र. याखेरीज स्टार्टअप फोल्डर, टास्क शेड्युलर आणि सर्व्हिसेस आहेतच. फाइल गेली आणि यातल्या एखाद्या यादीतली ओळ राहिली, की चौकट उघडते.

ओळ राहते कशी, याचे उत्तर मात्र थोडे खोलात आहे. ‘अनइन्स्टॉल’ वर क्लिक केले की विंडोज स्वतः सगळे काढून टाकते, असा आपला समज असतो. बहुतेक जुन्या धाटणीच्या प्रोग्रामांबाबत तो चुकीचा आहे. विंडोजजवळ त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरचा पत्ता असतो आणि ते त्याला फक्त सुरू करून देते. काय काय काढायचे, हे ज्याने तो प्रोग्राम विकला त्यानेच ठरवलेले असते. बसवण्याचे काम काळजीपूर्वक लिहिले जाते, कारण ते फसले तर गिऱ्हाईक जाते. काढण्याच्या वेळी गिऱ्हाईक गेलेलेच असते. शिवाय कार्यालयातल्या एकाच संगणकावर दोघांची खाती असली आणि प्रोग्राम एकाच्या खात्यातून काढला, तर दुसऱ्याच्या वैयक्तिक यादीतली ओळ सहसा तशीच राहते. दुसरा बिचारा सोमवारी लॉग-इन करतो आणि त्याला वाटते, आपणच काहीतरी बिघडवले. काहीजण अनइन्स्टॉलच्या भानगडीत न पडता ‘प्रोग्राम फाइल्स’ मधला फोल्डरच उडवतात, त्यांच्याबाबत तर बोलायलाच नको. अँटिव्हायरसही अनेकदा व्हायरसची फाइल कापून काढतो आणि तिला बोलावणारी ओळ विसरतो. पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या ‘.व्हीबीएस’ व्हायरसांनी आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतून ही ‘स्क्रिप्ट फाइल सापडत नाही’ची चौकट घरोघरी पोहोचवली.

आता उपायांकडे येऊ, कारण खरे नुकसान तिथे होते. पहिला चुकीचा उपाय म्हणजे चौकटीतले फाइलचे नाव इंटरनेटवर शोधून ती डीएलएल फाइल कुठूनतरी उतरवून घेणे. जे सॉफ्टवेअर आपण जाणूनबुजून काढले, त्याचा एक तुकडा अनोळखी माणसाकडून परत आणण्यात काय शहाणपण? दुसरा उपाय ‘रजिस्ट्री क्लीनर’चा. हे प्रोग्राम शेकडो ‘दोष’ लाल अक्षरांत दाखवतात. त्यातले बहुसंख्य निरुपद्रवी असतात आणि आपल्याला हवी असलेली एक ओळ त्या गर्दीत हरवते. मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकात स्वतःच ‘रेगक्लीन’ नावाचे असे साधन काढले आणि नंतर मागे घेतले. आज अशा क्लीनरांना आपला पाठिंबा नाही, अशी कंपनीची जाहीर भूमिका आहे.

भीतीचा धंदा किती मोठा असतो, हे अमेरिकेतल्या दोन प्रकरणांत दिसले. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या आरोपानुसार ‘ऑफिस डेपो’ या दुकानांच्या साखळीत संगणकाची फुकट तपासणी करून देत. तपासणीआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात: संगणक मंद चालतो का, जाहिराती उघडतात का, असे. त्यातल्या एकाला जरी ‘हो’ आले तरी मालवेअरची लक्षणे सापडल्याचा निकाल पडद्यावर येई. मधल्या तपासणीचा त्या निकालाशी संबंध नव्हता. २०१९ मध्ये ‘ऑफिस डेपो’ आणि तिला हे सॉफ्टवेअर पुरवणारी ‘सपोर्ट डॉट कॉम’ यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. २०२४ मध्ये सायप्रसमधल्या ‘रेस्टोरो’ आणि ‘रीइमेज’ या कंपन्यांनी अशाच स्वरूपाच्या आरोपांवर २.६ कोटी डॉलर भरले. रोज सकाळी उघडणारी एक चौकट माणसाला अशा दारांपर्यंत आणून सोडते.

आपल्याकडे तिसरा उपाय जास्त चालतो: ‘फॉरमॅट मारून घ्या’. दुकानदाराच्या बाजूने ते सोपे आहे, कारण दोष शोधण्याचे पैसे कोणी देत नाही, फॉरमॅटचे देतात. पण ज्या डीटीपीवाल्याच्या संगणकावर पंधरा वर्षांपूर्वीची मराठी फाँटची प्रणाली तिच्या डोंगलसकट कशीबशी चालते आहे, किंवा ज्या हिशेबनिसाचा सगळा डेटा सी ड्राइव्हवरच आहे, त्याला एका ओळीसाठी हा भुर्दंड कशाला?

ती ओळ शोधणे अवघड नाही, फक्त शोधायची जागा बहुतेकांना ठाऊक नसते. एक जुने, खूप गाजलेले उदाहरण घेऊ. कंड्युइट कंपनीचा टूलबार काढल्यावर ‘बॅकग्राउंडकंटेनर.डीएलएल’ सापडत नसल्याची चौकट येई. लोक टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये शोधत आणि तिथे काहीच नसे. कारण ती ओळ टास्क शेड्युलरमध्ये, ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’त, जवळपास त्याच नावाने बसलेली असे. तिथून ते काम डिलीट केले की प्रश्न मिटला. म्हणून आधी चौकटीतला पूर्ण पत्ता कागदावर उतरवून घ्यावा किंवा मोबाइलवर फोटो काढावा. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना उघडावा. पत्ता जुळतो का ते लगेच कळते. तिथे नसेल तर टास्क शेड्युलर. दोन्हीकडे हाती काही लागले नाही तर ‘ऑटोरन्स’ वापरावे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सचे हे साधन आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये ती कंपनीच घेतली आणि हे साधन आजही फुकट मिळते. ते सगळ्या याद्या एकत्र दाखवते आणि जिची फाइल जागेवर नाही ती ओळ पिवळी करते. ओळ लगेच पुसू नये. आधी तिच्यापुढची खूण काढावी, संगणक पुन्हा सुरू करावा, दोन-चार दिवस काही अडले नाही तर मग पुसावी.

एका जागी मात्र हात आखडता घ्यावा. रजिस्ट्रीत ‘विनलॉगऑन’ नावाच्या कप्प्यात ‘युजरइनिट’ आणि ‘शेल’ अशा दोन नोंदी असतात. काही व्हायरस ‘युजरइनिट’मध्ये आपल्या स्क्रिप्टचा पत्ता घुसवतात. अँटिव्हायरस ती स्क्रिप्ट काढतो आणि मग लॉग-इननंतर काळा पडदा व एक चौकट एवढेच उरते. ही नोंद पुसली तर लॉग-इनच होणार नाही. ती मूळ ‘युजरइनिट.ईएक्सई’कडे परत वळवावी लागते. हे काम जाणत्याकडून करून घ्यावे. तसेच चौकटीतल्या फाइलचे नाव अर्थहीन अक्षरांचे असेल आणि पत्ता ‘ॲपडेटा’ किंवा ‘टेम्प’ मधला असेल, तर ओळ काढण्याआधी पूर्ण स्कॅन करावा. तिथे राहिलेली ओळ एकटीच असेल असे नाही.

हा सगळा खटाटोप वापरणाऱ्याने करावा, ही अपेक्षाच मुळात योग्य नाही. विंडोजला हे जमत नाही असे म्हणण्याची सोय नाही. १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत आलेला विंडोज इन्स्टॉलर काय कुठे बसवले याची नोंद स्वतः ठेवतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली ॲप निघतात तेव्हा त्यांची स्टार्टअपमधली जागाही सोबत जाते. पण फाइल नसलेली जुनी ओळ टास्क मॅनेजर आजही मुकाट्याने दाखवतो. त्या ओळीतला पत्ता अवतरणचिन्हांत नसेल, तर ‘प्रोग्राम फाइल्स’ मधल्या मोकळ्या जागेशी अडखळून तिचे नाव नुसते ‘प्रोग्राम’ असे छापतो, चिन्हाशिवाय. अशा ओळीपुढे ‘फाइल सापडत नाही’ एवढे लिहून तिथेच ती काढण्याचे बटण देणे मायक्रोसॉफ्टला अशक्य नाही; त्यांचेच ‘ऑटोरन्स’ अनेक वर्षे ते करते आहे.