मनाची जखम आणि बायकांची बैठक



एरवी या सदरात तुरीवरचा मर नाहीतर कपाशीवरची बोंडअळी असते. आजचा विषय घरातल्या माणसाचा आहे.

एखाद्या बाईवर रानात, वाटेत किंवा घरातच अत्याचार होतो. दवाखाना होतो, पंचनामा होतो आणि दोन महिन्यांनी घरचे म्हणतात, "झालं गेलं विसर आता." तिला विसरता येत नाही. तुरीत पाला सळसळला तरी ती दचकते, एकटी खुरपायला जात नाही, रात्र रात्र जागी असते. मग बाहेरचे आहे म्हणून कुणी देवऋषी गाठतो, कुणी तिलाच नाटकी ठरवतो. बदनापूरच्या बाजारात असली बोलणी कानावर येतात तेव्हा वाईट वाटते. हा मनाचा आजार आहे आणि त्याला उपचार आहे.

त्यातलाच एक म्हणजे बैठक. सारखे दुःख सोसलेल्या सहा-आठ बायका आठवड्यातून एकदा, दोनेक तास, शिकलेल्या समुपदेशक बाईबरोबर बसतात. तिथले बोलणे बाहेर जात नाही. आपली हकीगत सांगण्याची कुणावर सक्ती नसते. "मी एकटी गेलेच कशाला," असे प्रत्येकीच्या मनात असते. तेच दुसरीच्या तोंडून ऐकले की ही चटकन म्हणते, "तुझा काय दोष त्यात?" तिला म्हणता म्हणता ते आपल्यालाही लागू आहे, हे हळूहळू पटते.

आफ्रिकेतल्या काँगो देशात, लढाईने पोळलेल्या खेड्यांत, हे करून पाहिले. २०१३ साली त्याचा अहवाल छापून आला. स्थानिक बायांनाच शिकवून तयार केले होते. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते म्हणून सारे तोंडी चालले. सहा महिन्यांनी पाहिले, तर जिथे एकेकटीला आधार दिला त्या गावांत शेकडा ४२ जणींची उदासी व काळजी टिकून होती. बैठकीच्या गावांत शेकडा ९ जणींची.

आपला बचत गट म्हणजे ही बैठक नव्हे. तिथे हप्त्याबरोबर गावभरची बातमीही जमा होते! आणि जी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलते, तिला बैठकीची वाट पाहायला लावू नका, तडक डॉक्टरकडे न्या.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र निघाले. दवाखान्यातच समुपदेशन मिळू लागले. २०१५ पासून केंद्र सरकारची 'सखी' वन स्टॉप सेंटर योजना जिल्ह्याजिल्ह्यांत आली. तिथे औषधोपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा आसरा मिळतो. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. तीत पैशांबरोबर समुपदेशनही आहे. महिलांसाठी १८१, मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि तातडीला ११२ हे क्रमांक लिहून ठेवा. बैठक भरते का, ते विचारा. भरत नसेल तर एकटीचे समुपदेशन सुरू करा.

मालकांना आणि सासूबाईंना एक विनंती. तिचा जालन्याला जायचा वार ठरला की त्या दिवशीची धार दुसऱ्या कुणी काढावी, लेकराला सांभाळावे, सोबत हवी असेल तर द्यावी. परत आल्यावर "काय काय बोललीस?" असे खोदून विचारू नये. तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल.