ताऱ्यांची जमाबंदी आणि किनवटचे आकाश

१९५६ पर्यंत किनवट तालुका ज्या हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता, त्या राज्याने जमिनीप्रमाणे ताऱ्यांचीही जमाबंदी आरंभिली होती, याचे आज फारसे कोणाला स्मरण नाही. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापिलेल्या आणि १९०८ साली सरकारी अमलाखाली आलेल्या निजामिया वेधशाळेने, छायाचित्रांवरून कित्येक लाख ताऱ्यांची स्थाने मोजून त्यांच्या याद्या छापल्या. परंतु यादी कितीही बिनचूक असली तरी तारा कोठे आहे एवढेच ती सांगते. त्याचे स्वरूप कळण्यास त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करावे लागते. हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी कॅनन यांनी सव्वादोन लाख वर्णपट तपासून ताऱ्यांना ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांत बसविले. हा क्रम वस्तुतः उतरत्या तापमानाचा कसा, याचा कार्यकारणभाव मेघनाद साहांनी १९२० साली उलगडला, आणि तेव्हा कोठे त्या दप्तराला शास्त्राची योग्यता आली.

आपल्या शाळांत मात्र तेजोमेघ, तांबडा राक्षसी तारा, श्वेत बटू ही नावे अजून दप्तरी नोंदींसारखी पाठ करविली जातात. पौष-माघातील रात्री मृग वर आला म्हणजे हाच धडा उघड्या डोळ्यांनी वाचता येतो: मृगाच्या तलवारीतील तेजोमेघात तारे जन्मत आहेत, राजन्य निळसर व अतितप्त आहे, आर्द्रा तांबूस व त्या मानाने थंड आहे. आर्द्रेचे वय एक कोटी वर्षांच्या आसपास असूनही ती अंतकाळी पोहोचली आहे, तर ४६० कोटी वर्षांचा सूर्य अद्याप मध्यम वयात आहे. कारण ताऱ्याचे आयुष्य त्याच्या वस्तुमानावर ठरते, आणि जड तारा आपले इंधन झपाट्याने संपवितो.

किनवटच्या आश्रमशाळांतील मुले रात्रीही शाळेतच असतात, आणि मृगात तिफण ओळखणारी वडीलधारी माणसे त्यांच्या घरी आहेत. ही सोय शहरातील शाळांना दुर्लभ आहे. तेव्हा येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने हिवाळ्यातील प्रत्येक अमावास्येच्या सुमारास आकाशदर्शनाचा एक तास मुक्रर करावा, मुलांकडून ताऱ्यांचे रंग वहीत नोंदवून घ्यावेत, आणि परीक्षेत ताऱ्याचा वर्ग विचारल्यावर ‘कशावरून?’ हा प्रश्नही विचारावा. त्यास दुर्बिणीची मंजुरी लागत नाही.