मनोरा पुन्हा बांधता येतो, विद्येचे काय?

जपानच्या शिकोकू बेटावर इमाबारी नावाचे शहर आहे. तेथील समुद्रकाठचा किल्ला तोदो ताकातोरा या सरदाराने 1602 मध्ये बांधायला घेतला. त्याच्या खंदकात चक्क समुद्राचे पाणी खेळते. मेइजी काळात किल्ल्याच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. आज दिसणारा मनोरा 1980 मध्ये काँक्रीटने उभारलेला आहे. आत चिलखते व शस्त्रे मांडली आहेत. याच शहराच्या हद्दीतील ओमिशिमा बेटावर ओयामाझुमी देवस्थान आहे. योद्ध्यांनी वाहिलेल्या तलवारी तेथे शतकानुशतके जपल्या आहेत. त्यांतील एकीवर 1366 सालची नोंद कोरलेली आहे.

पैसा आणि आराखडा असला की मनोरा पुन्हा उभा राहतो. तलवार घडवण्याची विद्या मात्र एकदा गेली की गेलीच! लोहयुक्त वाळूपासून केलेले पोलाद तापवायचे, ठोकायचे, दुमडायचे. असे दहा-पंधरा वेळा. मग धारेवर पातळ व पाठीवर जाड मातीचा लेप देऊन तापलेले पाते पाण्यात बुडवायचे. त्यामुळे धार कठीण होते, पाठ चिवट राहते. पाते किती तापले हे लोहार त्याच्या रंगावरून ओळखतो. ती नजर पुस्तकातून कशी येणार?

ही विद्या बुडता बुडता वाचली. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि गिऱ्हाईक गेले. 1945 नंतर घडवण्यावरच बंदी आली. 1953 पासून परवाने मिळू लागले. पोलादाची पारंपरिक भट्टी 1977 मध्ये शिमाने प्रांतात पुन्हा पेटली. आजही परवान्यासाठी गुरूच्या हाताखाली किमान पाच वर्षे काढावी लागतात.

कोणी म्हणेल, तलवारीचे आज काय काम? लढण्यासाठी काहीच नाही. पण धीराने, हाताने शिकण्याची सवय कोणत्या काळात निरुपयोगी ठरते?

पालकांनो, मूल सुताराच्या वा लोहाराच्या कामापाशी रेंगाळले, तर त्याला ओढून नेऊ नका. विश्वस्तांना नम्र सूचना अशी, की नव्या भिंतींच्या खर्चाबरोबर थोडी रक्कम कारागिरांसाठीही ठेवावी. वर्षातून एकदा तरी गावातील कारागिराला पाहुणा म्हणून नव्हे, तर मानधन देऊन शिक्षक म्हणून वर्गात बोलवावे. शाळेची इमारत आपण बांधूच. पण त्या इमारतीत हातांनाही शिकायला मिळाले पाहिजे.