साडेतीन तासांचा फेर



पोर परगावी शिकायला ठेवले की आई-बाप पहिली चौकशी करतात जेवणाची, दुसरी पैशांची. शाळा सुटल्यावर ते काय करते, हे विचारायचे बहुधा राहून जाते. आमच्या शेजारच्या वहिनींचेही असेच झाले, आणि त्यांची लेक तर थेट जपानात होती. त्यांच्या परवानगीने ही हकिकत सांगतो. गावाचे नि मुलीचे नाव मात्र विचारू नका.

मुलगी अकरावीची. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची योजना असते, तिच्यातून दहा महिन्यांसाठी गेली. मार्चअखेर निघाली, कारण तिकडे शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. निईगाता प्रांतात नागाओका शहराजवळचे खेडे, सगळा भाताचा मुलूख. घरात आजी-आजोबा, आई-बाप आणि नववीतला मुलगा. अशा योजनेत यजमानांना मुलगी ठेवल्याबद्दल पैसे मिळत नाहीत, बरे का. घरची मुलगी म्हणून ठेवायची, हाच करार. जपानी भाषेत आईला ओकासान म्हणतात. ही त्या बाईंना तशीच हाक मारी. (आमच्या पारावर पहिला प्रश्न आला, ‘तिथे कमावते का?’ कॉलेजात शिकणाऱ्यांना परवाना काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. शाळकरी पाहुण्यांना नाही.)

आता घड्याळाची गोष्ट. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. वहिनी रानातून येत, धारा काढीत आणि दिवेलागणीला सातच्या सुमारास फोन लावीत. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा. आधी वहिनी, मग बापू, मग म्हातारी, मग धाकटा भाऊ. म्हैस व्याली इथपासून बांधावरच्या भांडणापर्यंत सगळे सांगून होईतो तिकडे बारा वाजत. हे रोज चाले. पोरगी शाळेतून आली की जेवून आपल्या खोलीत जाई आणि दार लावून फोनची वाट बघत बसे. मे महिन्याच्या सुट्टीत घरची सगळी भातलावणीला गेली, तेव्हाही ही खोलीतच.

जूनमध्ये योजनेची कार्यकर्ती घरी चौकशीला आली. ओकासानने तक्रार अशी केलीच नाही. एवढेच म्हणाली, की मुलगी आमच्या घरी सुखी दिसत नाही, दुसरे घर तिला जास्त मानवेल का? कार्यकर्तीने मुलीला समोर बसवून ते सांगितले. मुलीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. वाईट तर ती कुणाशी वागली नव्हती.

उलगडा केला त्या नववीतल्या पोराने. जपानी घरात संध्याकाळी एक मोठे टब गरम पाण्याने भरतात. आधी बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे, मग त्या पाण्यात नुसते बसायचे. पाणी एकच, सगळ्यांनी पाळीपाळीने वापरायचे. म्हणून त्यात साबण न्यायचा नाही नि मळ सोडायचा नाही. एकाचे झाले की पाणी निवू नये म्हणून वर झाकण घालतात. हिची पाळी येई तेव्हा ही फोनवर. बारानंतर न्हाणार. आणि ओकासान सगळ्यांच्या शेवटी न्हाऊन, पाणी सोडून, टब घासून निजणारी. पाचला उठून सगळ्यांचे डबे भरायचे, त्यांत हिचाही. आणि हिच्या डब्यात मासळीचा अर्क नको म्हणून आमटी वेगळी करायची.

मुलीने हे रडत घरी सांगितले. वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्याकडे आल्या. “भाऊजी, लेकीशी बोलणं हा काय गुन्हा झाला का?” खरे सांगतो, मला प्रथम त्यांचेच पटले. दहा हजार रुपयांचे गाठोडे नव्हे, पोटची पोर पाठवलेली. मी म्हणालो, त्या लोकांनी तोंडाने बोलायला काय झाले होते? आजही मला वाटते, त्या बाईंनी एप्रिलमध्येच सांगितले असते तर बरे झाले असते. पण वहिनींचे लक्ष माझ्याकडे नव्हते. चहा निवून गेला. मग त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे ती बाई माझ्या पोरीपायी बारापर्यंत जागी राहती, अन् पाचला उठती?” स्वतः वहिनी काय वेगळे करतात?

फोन फक्त रविवारी, दुपारी दोनला, असे त्याच रात्री ठरले. पहिल्या बुधवारी म्हातारी जेवली नाही.

आणि तिकडे पोरीच्या हातात एकदम मोकळा वेळ आला. प्रथम तिला तो खायलाच उठला. मग ती शाळेच्या व्हॉलीबॉलच्या संघात गेली. तिकडे शाळा सुटल्यावर सहापर्यंत असे खेळ नि छंद चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला रेडिओवर कवायत लागते. १९२८ सालापासून ही प्रथा आहे. गल्लीतली पोरे एकत्र जमून हातपाय हलवतात आणि हजेरीच्या कार्डावर शिक्का घेतात. ही अकरावीतली घोडी त्या पोरांत उभी राही. आजीबरोबर वांगी-काकडीच्या वाफ्यात खुरपायला बसे. भाषा तिला तिथे आली. म्हातारी माणसे एकच वाक्य चार वेळा सांगतात, त्याचा असा फायदा.

नागाओकाला २ आणि ३ ऑगस्टला नदीकाठी मोठे दारूकाम असते. सगळे घर चटई घेऊन गेले. मुलीला वाटले, ही जत्रा. आजोबांनी सांगितले की १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री विमानांनी बाँब टाकून हे शहर जाळले होते, त्या मेलेल्यांच्या आठवणीतून हे सुरू झाले. त्यानंतरचे पांढरे बाण तिने गप्प बसून पाहिले.

पंधरवड्याने ओबोन आला. आपल्या पितृपक्षासारखेच, पूर्वज घरी येतात. त्यांच्यासाठी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय करतात. घोडा कशाला? लवकर यावे म्हणून. आणि जाताना गाय, म्हणजे सावकाश जावे, ओझेही नेता यावे. मुलीने पोळ्याला मातीचे बैल केलेले. तिने वांग्याला शिंगेही काढली. आजीला ती फार आवडली.

सप्टेंबरात भात कापणीला आले. कापते यंत्रच, पण खाचराच्या कोपऱ्यात ते पोचत नाही, तिथे हाताने कापावे लागते. आजोबांनी विळा कसा धरायचा हे दाखवायला हात पुढे केला, तोवर हिने तीन मुठी कापून ठेवल्या होत्या. लावणीला मात्र मी नव्हते, ही चुटपुट तिने रविवारी आईला बोलून दाखवली.

आणि त्याच महिन्यातली ही गोष्ट. जपानी कुस्ती, सुमो, वर्षातून सहा वेळा होते, प्रत्येक वेळी पंधरा दिवस, शेवटचा दिवस रविवारचा. आजोबा दूरदर्शनसमोरून हलत नाहीत. हिला तालमीच्या गावात वाढल्यामुळे डाव कळतात, म्हणून आजोबांना बोलायला जोडीदार मिळालेली. मोठ्या मल्लांच्या कुस्त्या साडेपाच ते सहाला, म्हणजे आपल्याकडे दुपारी दोन ते अडीच. वहिनींनी नेमाने दोनला फोन लावला. पलीकडून आवाज आला, “आये, थांब गं जरा, शेवटच्या कुस्त्या लागल्यात.”

फोन बंद.

वहिनी पाच मिनिटे तशाच फोन धरून बसल्या होत्या, हे मला बापूंनी सांगितले. मग उठून म्हशीला पाणी दाखवून आल्या. आता सुमोच्या दिवसांत फोन तीनला करायचा ठरला आहे.